मकेकाकांचा कडक दाणा

मकेकाकांच्या पुढ्यात कुठलंही धान्य आलं, की आधी त्यातला एक दाणा त्यांच्या दाढेखाली जायचा. डोळे मिटून ते तो फोडायचे आणि आवाज ऐकायचे. देशी दुकानातला तांदूळ असो नाहीतर कुणाच्या घरी पॉपकॉर्नसाठी काढलेला मका. "मऊ आहे," म्हणाले, की त्या धान्याचा निकाल लागला. त्यांची नात वैतागून म्हणायची, "आबा, दॅट्स सो ग्रोस." एका दाढेचा टवका यात कधीच उडाला होता, पण काकांना त्याची खंत नव्हती.

काका मूळचे परभणीचे. आयुष्यातली वीस-बावीस वर्षं त्यांनी मलावीतल्या लहान शेतकऱ्यांसाठी मक्याचे नवे वाण तयार करण्यात घालवली होती; मकेकाका हे नाव त्यावरूनच पडलेलं. निवृत्त झाल्यावर अमेरिकेत पिस्कॅटवेला मुलाकडे राहायला आले, ते साल २००४ असावं. त्यांचा मुलगा संजय आणि मी एकाच कंपनीत होतो. पहिल्याच भेटीत मी ठोकून दिलं, "काका, आमचीपण शेती आहे, काटोलला." शेती होती, पण ती वडिलांचे थोरले भाऊ, मोठे बाबा करायचे, मी फक्त संत्री खायला जायचो. काका मात्र खुलले. या परमुलुखात आपला माणूस भेटला, असं त्यांना वाटलं.

"उत्पन्न शेतात बघू नये, फेब्रुवारीत बघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मलावीत एप्रिलात मका निघतो आणि फेब्रुवारीपर्यंत कणग्या रिकाम्या होऊन उपासमार सुरू होते. काकांच्या पहिल्या वाणानं शेतात दुपटीनं पीक दिलं होतं. लोकांनी त्यांना फक्त खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं. पुढच्या जानेवारीत ते एका घरी गेले आणि कणगीत हात घातला, तर कोपरापर्यंत नुसता भुगा. दाणा मऊ होता, टोक्यांनी, धान्यातल्या किड्यांनी, सगळा पोखरला होता. त्या घरची बाई शांतपणे म्हणाली, "पीक चांगलं आहे, पण ते आम्ही नाही खात." त्या घरातलं धाकटं मूल त्या वर्षी गेलं. काका हे सांगताना नेहमी माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत.

पुढची सगळी वर्षं ते कडक दाण्याच्या मागे लागले. टोक्यांना दाद न देणारा आणि उखळात चांगलं पीठ पडणारा मका त्यांना साधलाही, पण तेवढ्यात प्रकल्पाचा निधी बंद झाला. काकांकडे उरलं होतं बियांचं एक पाकीट. बी जुनं झालेलं, निम्मंसुद्धा उगवेना. म्हणून २००६ च्या उन्हाळ्यात ते सगळंच त्यांनी इथल्या विद्यापीठाच्या ग्रीनहाउसमध्ये, ओळखीवर मिळालेल्या कोपऱ्यात कुंड्यांमधून लावलं. त्यांना ड्राइव्ह करता येत नसे, म्हणून दर शनिवारी मी त्यांना न्यायचो. परागकण इकडचे तिकडे होऊ नयेत म्हणून ते प्रत्येक कणसाला कागदी पिशवी घालत, लहान मुलाला टोपरं बांधावं तशी. मलावीतली त्यांची जुनी सहकारी ग्रेस विचारत राही, बी कधी येणार? तिकडच्या पावसाआधी, नोव्हेंबरच्या आत, ते तिच्या हातात पडायला हवं होतं.

सप्टेंबरात काकांना हार्ट अटॅक आला. बायपासच्या आदल्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलमधून मला फोन केला.

"कणसं तयार आहेत. काढून घे आणि थंड जागी ठेव."

"डोन्ट वरी काका, मी करतो सगळं."

"बाकी तुला काय सांगायचं? तू शेतकऱ्याच्या घरचा."

मी त्याच संध्याकाळी कणसं काढली, दाणे सोलले, डब्यात भरले आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवले. थंड म्हणजे जितकं थंड तितकं चांगलं, हे माझं डोकं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर काकांनी डबा मागवला. दाणा हातात घेतला आणि विचारलं, "वाळवले होतेस ना?"

मी मानेनंच नाही म्हटलं. ओला दाणा गोठला की आतला कोंब मरतो, हे मला कुठून माहीत असणार? तरी काकांनी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. आठव्या दिवशी फडकं उघडलं, तर फक्त वास आला. त्यांनी ते घडी करून कचऱ्यात टाकलं. मला बोलले असते तर बरं झालं असतं.

अजून अशक्तपणा होता म्हणून ग्रेसला ईमेल त्यांनी मला टाइप करायला सांगितली. "लिही, बी माझ्या हातून गेलं. वाळवायचं विसरलो."

"काका, पण ते मी..."

"ती तुला ओळखत नाही. लिही."

मी लिहिलं आणि सेंड केलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: डॉक्टर, प्रकृतीला जपा, यंदा जुनंच पेरतो. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

जानेवारीत ते गेले. ग्रेसचं सांत्वनाचं पत्र संजयच्या नावावर आलं. ते वाचून त्यानं मला विचारलं, "यार, ही लिहितेय की बियाण्याच्या चुकीबद्दल तिकडं कुणाच्याही मनात बाबांविषयी राग नाही. कसली चूक? तू असायचास ना त्यांच्याबरोबर?"

मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही."

त्यानं पत्राची घडी केली आणि बाबांच्या फोटोमागे ठेवली.