काचेच्या पेटीतल्या पोरीचं नाव

बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दुपट्यांसारखे आपोआप साठतात! बोईसरच्या आमच्या दवाखान्यात तर एका पोरीच्या नावावरूनच ढीगभर साठले.

नवापूरच्या दर्शनाची ही पोर वेळेआधी आली. आधीची दोन बाळं गेलेली, म्हणून हिच्यासाठी सगळ्या वॉर्डाचा जीव टांगणीला. पोर काचेच्या पेटीत ठेवली आणि दर्शनाची सासू, जनाकाकी, आम्हाला बजावून गेली, "घरी येईपर्यंत चांगला नाव कोनी घ्यायचा नाय. धोंडी म्हना. दगडाला नजर लागत नाय!"

* * *

पोरीचा बाप भावेश तारापूरला कारखान्यात. आईची पाठ वळताच म्हणाला, "सिस्टर, माज्या मनात नीलम हाय."

दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून आला. सुपरवायझरनं घाबरवलं होतं, "नीलम शनि का पत्थर है, सबको सूट नहीं होता. पहले तकिये के नीचे रखके देखो!"

आता नाव उशीखाली कसं ठेवणार? पठ्ठ्यानं चिठ्ठीवर 'नीलम' लिहिलं आणि डोक्याखाली घेऊन झोपला! सकाळी बाईक पंक्चर. नीलम बाद!

* * *

आमच्या सुनीता सिस्टरला रत्नांचा भारी नाद. "मोती ठेवा की! चंद्राचं रत्न, त्यात तुम्ही समुद्राकाठचे."

भावेश म्हणाला, "मोती आमच्या कुत्र्याचा नाव हाय. हाक मारली का दोघा येतील!"

* * *

दर्शना या सगळ्यात गप्पच असायची. एकदा मला हळूच विचारलं, "सिस्टर, माणिकचा अर्थ काय हो?"

म्हटलं, "मूळ संस्कृत, माणिक्य. सूर्याचं रत्न, लालबुंद."

"मंग तेच. बगा ना, किती पांढरी हाय. लाल झाली पायजे माजी पोर."

पेटीच्या भोकातून हात घालून ती नुसते ओठ हलवत राहिली. सासूच्या धाकानं आवाज काढला नाही. मी वळले, तर दारात जनाकाकी उभी, सुनेच्या ओठांकडे बघत.

* * *

आणि एके सकाळी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या हिला." हुश्श! सुनीता तर भरल्या वॉर्डात रडली. पोर चांगली गुलाबी झाली होती, रडून छत डोक्यावर घेत होती. मी तिला दुपट्यात गुंडाळून जनाकाकीच्या हातात दिली.

"घ्या काकी, तुमची धोंडी!"

जनाकाकी अशी उखडली म्हणून सांगू!

"धोंडी कोनाला म्हनते गो बाय? माणिक हाय ती माजी!"