खंडेनवमीला चालू राहिलेला बोगदा

आमच्या अंबडच्या कारखान्यात बंद यंत्राची पूजा करत नसत. खंडेनवमीला लेथ फिरता ठेवूनच त्याला हळदकुंकू वाहायचं. सुरक्षेच्या नियमांत हे बसत नव्हतं, पण नारळ सुरक्षा अधिकारीच फोडत असल्यामुळे प्रश्न मिटला होता. पुढे ड्रॉइंग विभागात संगणक आले, तेव्हा त्यांनाही हाच नियम लागू झाला.

मी त्या विभागात होतो. नवं शतक सात-आठ वर्षांचं झालं असताना मोठ्या साहेबांनी इंटरनेटला कुलूप घातलं. खाजगी ईमेलसुद्धा बंद. त्यासाठी फीत कापली. कुलूप लावण्याचं उद्घाटन मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.

नेमकी तेव्हाच माझी मुलगी जर्मनीत वेळेआधी बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत. जावई रोज एक फोटो ईमेलने पाठवायचा. घरी ब्रॉडबँडसाठी अर्ज केला होता. त्याची पावती व्यवस्थित मिळाली होती. सायबर कॅफेत शेजारची पोरं खेळात धडाधड गोळ्या झाडत असताना नातवाच्या नाकातली नळी बघवत नसे. शेवटी जावयाने फोनवर सांगून माझ्या ऑफिसच्या संगणकावर व्हीपीएन बसवून घेतलं. कुलपाखालून काढलेला खाजगी बोगदाच तो. आतून काय जातं ते बाहेरच्याला दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्यातून जर्मनीला जाऊन यायचो.

खंडेनवमीला मात्र सकाळीच गेलो. बाळ पेटीबाहेर, मुलीच्या खांद्यावर होतं. त्या आनंदात फोटो बंद केला आणि बोगदा तसाच राहिला. साहेब तबक घेऊन आले, मॉनिटरला कुंकू लावू लागले आणि त्यांचा अंगठा थांबला. कोपऱ्यातल्या चौकटीत एका परक्या शहराचं नाव होतं.

"हे काय?"

"व्हीपीएन, साहेब."

"ड्रॉइंग विभागातून? कोणाला पाठवता आपली ड्रॉइंग?"

सगळ्यांनी हातातले पेढे खाली ठेवले. आतलं कोणाला दिसत नाही याचं मला इतके दिवस कौतुक होतं. आता सगळ्यांना आतलं दिसावं असं वाटत होतं, आणि ते शक्य नव्हतं. फोटो दाखवता येतो. न पाठवलेलं ड्रॉइंग कसं दाखवणार? नोकरी गेलीच होती.

साहेबांनी नेटवर्क बघणाऱ्या तरुण इंजिनिअरला बोलावलं. तो नव्या झब्ब्यात, हातात नोंदींचे कागद घेऊन आला.

"साहेब, आत काय होतं ते मला दिसत नाही. किती आलं, किती गेलं ते दिसतं. दीड महिना, रोज जेवणाच्या सुट्टीत. आत आलंय ते एखाद्या फोटोएवढं. बाहेर गेलंय ते पोस्टकार्डावर मावेल. आपलं एक ड्रॉइंग जायला अख्खी सुट्टी लागते. ते पाठवायचं तर काकांना जेवण सोडावं लागलं असतं."

"आणि यांनी जेवण सोडलेलं कोणी पाहिलंय?" मागून आमचे हेड ड्राफ्ट्समन म्हणाले.

कोणीच पाहिलं नव्हतं. माझ्या खादाडपणाची एवढी उघड चेष्टा होऊन मी इतका कृतज्ञ कधी झालो नव्हतो.

"मग येत काय होतं?" साहेबांनी विचारलं. मी फोटो उघडला. त्यांनी चष्मा लावला.

"वजन किती?"

"दोन किलो शंभर."

"बरं आहे," म्हणाले, आणि अर्धवट राहिलेलं कुंकू पुरं केलं. दसऱ्यानंतर लेखी ताकीद मात्र दिली. नियम तो नियम. मी ती दोनदा वाचून सही केली. नोकरी गेल्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

व्हीपीएन काढताना इंजिनिअर हळूच म्हणाला, "काका, मला महिनाभर दिसत होतं. वाटलं, क्रिकेटचा स्कोअर बघताय."

त्यानंतर मी सायबर कॅफेतच जाऊ लागलो. पेटीबाहेर आलेल्या बाळाचे फोटो आठवड्यातून एकदा, गोळीबारातही निवांत पाहता येतात.