भाजीत घातलेली उत्तरं

माझे सासरे छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून त्यांची ओळ लावायची आणि छापून झालं की पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायची, यात त्यांचा जन्म गेला. मग छापखान्यात नवी मशीन आली, खिळे भंगारात गेले आणि सासरे घरी आले. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. घाटकोपरच्या आमच्या खोलीत ते दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठायचे आणि परत पडायचे. सासूबाई म्हणायच्या, "भिंतीवर काय छापलंय ते आम्हाला पण वाचून दाखवा."

त्यांना उठवलं ते पेपरातल्या कोड्याने. रोज चार ओळींची कविता यायची. एका शब्दाचं डोकं उडवा, पोट काढा, शेपूट तोडा, प्रत्येक वेळी उरतं काय ते ओळखा, आणि मूळ शब्द सांगा. कधी अक्षर वाढवायचं असायचं, कधी उलटसुलट करायचं. सासरे दारात स्टूल टाकून बसायचे आणि कविता मोठ्याने म्हणायचे. येणाराजाणारा विचारायचा, "काय आजोबा, सुटलं का?" ते म्हणायचे, "न सुटायला काय झालं? आयुष्य अक्षरांत गेलंय आमचं."

खरं सांगायचं तर त्यांना ती कोडी येत नव्हती. अक्षरं त्यांनी जुळवली होती, पण दुसऱ्याने लिहून दिलेल्या कागदावरून. कोड्यात कागदच नसतो. अकरा वाजेपर्यंत सुटलं नाही की त्यांचा आवाज बारीक होत जायचा आणि ते पुन्हा भिंतीकडे बघायला लागायचे.

मी आत कणीक मळत असायची. कविता तीनदा ऐकली की पाठ व्हायची. परातीतल्या कोरड्या पिठात मी बोटाने अक्षरं लिहायची, त्यातलं एक पुसायची, दुसरं लिहून बघायची. माझी शाळा चौथीत सुटली, तरी एवढं येत होतं. जुळलं की वर पाणी ओतायचं आणि मळून टाकायचं. कितीतरी उत्तरं आम्ही चपातीतून खाल्ली.

पण उत्तर सांगायचं कसं? सासऱ्यांशी मी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, लाज वाटायची. आमच्यात रोज एकच बोलणं व्हायचं. ते विचारायचे, "काय गो, आज भाजी कसली?" आणि मी भाजीचं नाव सांगायची.

एक दिवस कोडं असं होतं:

तीन अक्षरांची हिरवी जुडी,
शेपूट तोडा, भिंतीवर दडी;
पोट काढा, कढईत गोड,
सांग गड्या, याची काय फोड?

पिठात लगेच जुळलं. शेपूट तोडली की पाल, पोट काढलं की पाक. मी पिशवी घेऊन खाली गेले आणि पालक घेऊन आले.

"काय गो, आज भाजी कसली?"

"पालक."

ते पालक, पाल, पाक असं पुटपुटले. मग मांडीवर थाप मारून ओरडले, "सुटलं!" आणि पेपर घेऊन गॅलरीभर फिरून आले. मला इतकं हसू आलं की मी फोडणीचा धूर डोळ्यात गेल्याचं निमित्त केलं.

सासूबाई मात्र वैतागल्या. "अगो, काल वांगी आणली होतीस ना?"

"किडकी निघाली."

वांगी चांगली होती. ती मी तांदळाच्या डब्यामागे लपवली.

मग मला चटकच लागली. काकडीचं कोडं आलं, कोशिंबीर केली. पापडाचं आलं, ऐन बुधवारी कुणी पाहुणा नसताना पापड तळले. भाजीत न बसणारं उत्तर आलं की पंचाईत व्हायची. एकदा उत्तर 'तवा' होतं, कारण अक्षरं उलटी केली की वात होते. मी तवा घासून सुकायला म्हणून सरळ त्यांच्या खाटेवर ठेवला. तिथे घडी करून ठेवलेल्या पांढऱ्या धोतराला काळा गोल उमटला. सासूबाई माझ्यावर ओरडल्या. ते मात्र "सुटलं," एवढंच म्हणाले. धोतराचं काही म्हणाले नाहीत याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

चाळीत त्यांचं नाव झालं. मुलं निबंध दाखवायला यायची. गणपतीच्या मंडळाने फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम त्यांना दिलं. सासरे सकाळी सदरा घालून, केस विंचरून खडू घेऊन खाली जायचे. भिंतीकडे बघणं बंद झालं होतं.

हे ज्यांना बघवलं नाही ते दुसऱ्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झालेले, स्वतः कविता करणारे. ते एकदा चारचौघांत म्हणाले, "पेपरातलं कोडं काय, कुणीही सोडवेल. दुसऱ्या दिवशी उत्तर येतंच छापून. मी घालतो कोडं. गणपतीत, सगळ्यांसमोर, फळ्यावर. बघू या."

सासरे म्हणाले, "घाल की मेल्या."

आत मी परातीवर हात ठेवून तशीच बसले. स्टेजवर भाजी कशी पोचवणार? ते तिथे अडले की सगळी चाळ हसणार, आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार.

गणपतीच्या आठव्या दिवशी संध्याकाळी आरती झाली आणि काकांनी माइक हातात घेतला. पुरुष पुढे खुर्च्यांवर, आम्ही बायका मागे सतरंजीवर. मी सासूबाईंच्या पाठीआड बसले. काकांनी पहिलं कोडं फळ्यावर लिहिलं:

शेपूट तोडा, समुद्राची हाक,
पोट काढा, पांघरूण टाक;
डोके उडवा, पैठणी नटे,
पुरे खाता चष्मा सुटे.

सासरे मालवणकडचे. समुद्राची हाक म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "गाज. समुद्राची गाज. म्हणजे गाजर." मग गार आणि जर आपोआप जुळले. टाळ्या पडल्या. हे त्यांचं त्यांनी सोडवलं होतं, मी हलले पण नव्हते. मला वाटलं, सुटलो.

काका हसले आणि दुसरं लिहिलं:

शेपूट तोडा, पावतीवर दिसे,
पोट काढा, पाठीला बसे;
डोके उडवा, गुपिते चोरी,
पुरे जुळवा, हसतील पोरी.

सासरे बघत राहिले. मी पदराखाली गुडघ्यावर बोटाने लिहीत होते. पाठीला बसतो तो मार. भाड्याच्या पावतीवर 'माहे' असं छापलेलं असतं, पुढे महिना लिहितात. गुपितं चोरतो तो हेर. मला उत्तर कळलं. ही काय भाजी आहे?

"काय आजोबा," काका माइकवरून म्हणाले, "उद्याच्या पेपरची वाट बघायची का?"

लोक हसले. सासऱ्यांनी फळ्याकडे बघितलं, मग वळून मागे बायकांच्या बाजूला बघितलं, आणि सगळ्या चाळीसमोर मोठ्याने विचारलं, "काय गो सूनबाई, उद्या भाजी कसली?"

काय हशा पिकला म्हणून सांगू! कुणीतरी ओरडलं, "आजोबांना भूक लागली!" काका म्हणाले, "आधी कोडं, मग जेवण." मी मात्र गार पडले. म्हणजे सासऱ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून की कधीपासून, पण माहीत होतं.

ते माझ्याकडेच बघत उभे होते. चाळीत माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. नळावरसुद्धा मी मानेनेच बोलायची. मी उठून उभी राहिले.

"उद्या भाजी नाही," मी म्हटलं. पुढच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडले, "उद्या चूल नाही पेटवणार मी! मी चालले चेंबूरला! आईकडे!"

हसणं एकदम थांबलं. माझे मिस्टर लाउडस्पीकरची वायर धरून उभे होते, त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सासूबाईंनी मला खाली ओढलं.

सासरे फळ्याकडे वळले. ठळक अक्षरांत लिहिलं, माहेर. एकेक अक्षर हाताने झाकत त्यांनी शांतपणे समजावलं: हे माहे, हा मार, हा हेर. काकांना "बरोबर" म्हणावंच लागलं. पण टाळ्या कोण वाजवणार? सगळे माना वळवून माझ्याकडे बघत होते. एवढ्या चांगल्या घरातली सून भर गणपतीत रुसून निघाली!

घरी मिस्टर म्हणाले, "मला न सांगता?"

"तुमच्या वडिलांनी विचारलं म्हणून सांगितलं."

आता बोलले होते तर जाणं भाग होतं. नाही गेले असते तर एखादा हुशार माणूस विचार करत बसला असता, की मग ती तसं ओरडली का? सकाळी मी पिशवी भरली. बायका दारादारात उभ्या होत्या. बरं दिसावं म्हणून मी डोळ्याला पदर लावला. शेजारणीने वाटेत खायला लाडू दिले आणि कानात म्हणाली, "लवकर येऊ नकोस गं, चांगली अद्दल घडू दे त्यांना." लग्न झाल्यापासून मला माहेरी एक रात्र राहायला मिळाली नव्हती. बसमध्ये बसल्यावर मी दोन लाडू खाल्ले.

चेंबूरला आई घाबरली. "काय करून आलीस गं?" मी काय सांगणार? मी झोपून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सासरे आले, हातात कोड्याच्या बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन. तो आईच्या हातात देऊन म्हणाले, "चूक माझी, विहीणबाई. भाजीवरून बोललो तिला."

आई गडबडून चहा टाकायला आत गेली. ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. मी जमिनीकडे बघत विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"डब्यामागची वांगी कुजली तेव्हा. वास आला. किडकी असती तर तू फेकली असतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

मग म्हणाले, "नळावर बायका ऐकवतात मला. सुनेला छळतो म्हणतात. काल तर एक अंगावरच आली. ऐकून घेतो." आणि सदऱ्याच्या खिशातून तीन कात्रणं काढली. तीन दिवसांची कोडी, एकही सुटलेलं नाही. "छापून आलेली उत्तरं मी बघितली नाहीत," म्हणाले.

पहिलं वाचून मी उत्तर सांगितलं. तोंडाने, स्वच्छ. दुसऱ्याचंही सांगितलं. त्यांनी पेन्सिलीने लिहून घेतलं. तिसरंही मला आलं होतं, पण ते कात्रण मी घडी करून मुठीत ठेवलं.

"याचं उत्तर रविवारी देते. घरी आल्यावर."

"म्हणजे रविवारपर्यंत राहणार?"

"हो."

"राहा," सासरे पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले. "मी चाळीत सांगतो, अजून रुसलीय म्हणून."