स्टोव्ह पेटवलाच नव्हता

"इन्हेलेशन इंज्युरी आहे," डॉक्टर मॅडम आबांना सांगत होत्या. "म्हणजे पोरगी आतून भाजलीय. हात तुम्हाला दिसतायत, पण मला आत्ता हातांची काळजी नाही. गरम धूर श्वासनळीत गेलाय, गळा आतून सुजत चाललाय. आता नळी घातली नाही, तर थोड्या वेळानं घालायला जागाच राहणार नाही."

मी शुद्धीवर होते. पुण्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, जळीत वॉर्डात. सगळं ऐकू येत होतं. माझा समज असा, की धूर म्हणजे डोळ्यांची चुरचुर आणि थोडा खोकला. मॅडमनी कापसाच्या बोळ्यानं माझं नाक पुसलं आणि बोळा आबांना दाखवला. तो काळाकुट्ट होता. आबांनी मान हलवली आणि सही केली.

त्यानंतर कितीतरी दिवस मला बोलता आलं नाही. त्या दिवसांत माझ्या वतीनं दुसरेच बोलले, आणि खोटं बोलले. हे लिहिते आहे ते त्यासाठी.

मी सुजाता. गाव वडगाव रासाई, तालुका शिरूर. आबा साखर कारखान्यात हंगामी कामाला. मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागले होते. घरून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथंच खोली बघायला निघालो. दोन-तीन ठिकाणी आडनाव विचारलं, आम्ही सांगितलं, आणि मघाशी रिकामी असलेली खोली एकदम भरली. पुढच्या घरमालकानं, आप्पांनी, आडनाव विचारलं नाही. "या की," म्हणाले. आबांनी त्या माणसाला तेव्हापासून डोक्यावर घेतलं.

आप्पांनी ते घर आपल्या दोन मुलांसाठी बांधलेलं. मुलं पुण्याला गेली, इकडं कारखाने वाढले, तेव्हा वरच्या मजल्यावर प्लायवूड ठोकून त्यांनी दोनाच्या सहा खोल्या केल्या आणि कामावरच्या मुलींना भाड्यानं दिल्या. जिना एकच. जिन्याखाली मीटरचा बोर्ड, आणि त्याला खेटून जुन्या गाद्या न् प्लास्टिकचे रिकामे कॅन. सगळ्या खिडक्यांना गज. जिन्याच्या पायथ्याशी चॅनेल गेट, म्हणजे ते घडी होऊन सरकणारं लोखंडी जाळीचं दार. खाली राहणारे आप्पा आणि त्यांची बायको काकू बाहेर गेले की काकू त्या गेटला बाहेरून कुलूप घालायच्या. "तुमच्याच सेफ्टीसाठी गं," म्हणायच्या. आमच्या घरच्यांनाही ते फार पसंत होतं. पोरी कुलपात आहेत म्हटलं की सगळ्यांना शांत झोप लागते.

कंपनीत मात्र वेगळीच तऱ्हा. दारासमोर एक खोका ठेवला तरी सुपरवायझर अंगावर यायचा. सायरनची प्रॅक्टिस व्हायची, आम्ही पॅकिंगवाल्या हसत-खिदळत मैदानात जाऊन उभ्या राहायचो. तिथून सुटलो की येऊन त्या एका जिन्याच्या घरात झोपायचो. आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नाही, की आग घरालाही लागते.

तो कंपनीच्या सुट्टीचा दिवस होता. बाकीच्या मुली गावी गेलेल्या. मी आणि माझ्या खोलीतली मंगल, दोघीच वर. मंगल इनामगावची. शेतकऱ्याघरची, तोंडाळ, हसरी. सकाळी तिनं स्टोव्ह हलवून बघितला. आत रॉकेलचा थेंब नव्हता. "आमच्या गावात जमीन उकरली की हजारो वर्सांपूर्वीच्या चुली निघत्यात," ती म्हणाली, "आन् इथं आपल्याला च्या मिळंना." आम्ही चहाशिवाय बसलो. काकू बाजाराला दौंडला गेल्या, आप्पा मळ्यात. जाताना काकूंनी कुलूप घातलं. चावी काकूंच्या कमरेला.

दुपारी जळक्या वायरीचा वास आला. मंगल जिन्यात डोकावली आणि ओरडली. खाली मीटर पेटला होता, गाद्या धुमसत होत्या, मग कॅन पेटले. वर थांबावं तर धूर जिन्यातून वरच येत होता, प्लायवूडच्या फटीफटीतून घुसत होता. आम्ही खाली पळालो. मंगल पुढं, मी मागं. गेट हलवलं, किंचाळलो, परत हलवलं. लोखंड तापलं होतं. मला ते कळत होतं, तरी हात सोडवत नव्हते, कारण दार तेवढंच होतं. शेजाऱ्यांनी पहार घालून कुलूप तोडलं तेव्हा मंगल माझ्या पायाशी पडलेली होती.

मी नळीवर होते तेव्हा आप्पांनी पोलिसांना सांगून टाकलं, की मंगलनं स्टोव्ह पेटवला आणि भडका उडाला.

जळीत वॉर्डात काही दिवस काढले की एक गोष्ट ध्यानात येते. तिथली प्रत्येक बाई स्टोव्हनं भाजलेली असते. सासू शेजारी उभी असते, नवरा उभा असतो, आणि बाई पुटपुटते, स्टोव्ह. लिहून घेणाऱ्याचा हात वर न बघता चालत राहतो. माझ्याबाबतही तेच लिहिलं गेलं. ते माझ्या कॉटशेजारी उभं राहून बोललं गेलं आणि मी नुसती डावीकडून उजवीकडं मान हलवत राहिले. "दुखतंय तिला," कुणीतरी म्हणालं.

घशातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. म्हणून माझी ट्रॅकिओस्टॉमी केली. म्हणजे गळ्याला पुढून भोक पाडून तिथं छोटी नळी बसवतात, श्वास तिथूनच चालतो. हवा आवाजाच्या पेटीपर्यंत पोचत नाही, म्हणून आवाज नाही. हाताच्या पंजांना बोचक्यासारखी बँडेजं, म्हणून लिहिताही येत नाही. रोज ड्रेसिंग. डिब्राइडमेंट म्हणजे मेलेली कातडी खरवडून काढणं. त्या वेळी किंचाळायचीही सोय नव्हती, नुसती हवा फसफसायची. तुमच्यावर कधी अशी वेळ आली तर एवढं सांगते, की ते दिवस संपतात. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पण संपतात.

सूज उतरल्यावर मॅडमनी नळी बदलली. "आता श्वास घ्यायचा आणि नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं. हवा वर जाईल, आवाज येईल." मग माझ्या बँडेजांकडं बघून त्या आबांना म्हणाल्या, "तुम्ही ठेवा. आधी हात साबणानं स्वच्छ धुवा."

आबांनी बोट ठेवलं. माझ्या तोंडून घोगरा, परका आवाज आला. "मंगल?"

आबांचं बोट होतं तिथंच राहिलं. मला समजलं. ती केव्हाच गेली होती. आता तिथं काय घडलं हे सांगायला मी एकटी उरले होते, आणि मला बोलायला आबांचं बोट लागणार होतं.

हवालदार आले त्या दिवशी आप्पाही आले, शहाळी घेऊन. आबांनी त्यांना स्टूल दिलं. हवालदारांनी विचारलं, "स्टोव्हचा भडका झाला, असंच ना ताई?"

आबांनी बोट ठेवलं. "स्टोव्ह नाही," मी म्हणाले. "गेटला बाहेरून कुलूप..."

बोट निघालं.

माझे ओठ हलत राहिले आणि गळ्यातून नुसती हवा गेली. हवालदारांनी माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं बघितलं. "बरी झाली की बघू," म्हणाले.

"पोरीला तरास देऊ नगा," आप्पा म्हणाले.

सगळे गेल्यावर आबा खालमानेनं म्हणाले, "सुजे, त्यानं जागा दिली आपल्याला. कुणी देत न्हवतं तवा दिली. मंगल गेली, आता ती काय परत येनार हाय का? कशाला त्या मानसाला गुतवायचं?"

मी भिंतीकडं तोंड केलं. ड्रेसिंग मी सोसलं होतं, पण आबांचं ते बोट निघणं सोसवत नव्हतं. मला त्यांचा संताप आला, खराखुरा. आयुष्यभर मान ताठ ठेव म्हणून शिकवणारा बाप, आणि एका खोलीपायी त्यानं मान खाली घातली! मी त्यांच्या हातचं खाणं बंद केलं. वॉर्डातल्या मावशी भरवायच्या तेव्हा खायचे.

मग एक दिवस मंगलची आई आली. सोबत कुणी नव्हतं. ती वॉर्डाच्या दारातून माझ्या कॉटपर्यंत आली, माझे हात बघितले, आणि काही कळायच्या आत आबांच्या पायांवर वाकली.

आबा दचकून मागं सरले. "आवो माय, ह्ये काय करताय?"

"माझ्या पोरीमुळं तुमच्या पोरीचं हात गेलं," ती म्हणाली. "समदं गाव म्हनतंय, तिला स्टोव्ह नीट पेटवता येत न्हवता. माफी मागाया आले. घरात मयत झालीया, पर मला तोंड वर करून रडता बी येईना."

आबा नळाकडं गेले. मला पाण्याचा आवाज ऐकू आला. हात धुऊन, ओलेच हात घेऊन ते माझ्या उशाशी आले आणि त्यांनी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं.

"बोल सुजे," म्हणाले. "समदं सांग ह्यांना."

मी सांगितलं. रॉकेल नव्हतं, सकाळपासून चहासुद्धा झाला नव्हता. मीटर पेटला. गेटला कुलूप होतं. मंगल पुढं होती. मला मध्येमध्ये दम लागायचा, आबा बोट काढायचे, मी श्वास घ्यायची, ते परत ठेवायचे. मंगलची आई ऐकत ऐकत खाली फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली. वॉर्डातल्या सगळ्या बायका रडल्या. सिस्टर आल्या, पण कुणाला गप्प करायला गेल्या नाहीत.

हवालदारांना आणायला आबा स्वतः गेले. माझा जबाब पुरा होईस्तोवर दर श्वासानंतर त्यांचं बोट परत जागेवर येत राहिलं. मॅडम शेजारी उभ्या होत्या. "पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे," त्यांनी आपणहून सांगितलं, "आणि हे मी लिहून देते."

पुढं मांडीची कातडी काढून तळहातांना लावली. त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. नवी कातडी आवळत जाते, बोटं मुडपतात, ते काँट्रॅक्चर. त्यासाठी पट्ट्या, मसाज, रोजचा व्यायाम. व्यायामाचा कंटाळा करू नका, मी केला आणि उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. नळी निघाली, भोक बुजलं. आवाज घोगरा राहिला तो राहिलाच.

आप्पांवर केस झाली. तारखा पडत राहिल्या. मी मात्र विचारत सुटले, की अशा घरावर लक्ष कुणी ठेवायचं? ग्रामपंचायतीत म्हणाले, आमच्या नोंदीला ते राहतं घर आहे, घराला काय तपासायचं? कारखान्यांच्या वसाहतीतल्या फायरच्या ऑफिसात म्हणाले, आमची हद्द रस्त्यापर्यंत. दौंडच्या तहसील कचेरीत म्हणाले, ग्रामपंचायतीकडून येऊ द्या. माझे हात बघून खुर्ची सगळे द्यायचे, चहासुद्धा मागवायचे. उत्तर कुणी देत नव्हतं. घराला घर म्हटलं की सगळे नियम उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहतात, आणि आत माणसं कोंडलेली असतात.

तेवढ्यात कळलं, की आप्पांनी रंग देऊन खोल्या पुन्हा भाड्यानं काढल्यात. प्लायवूड तेच, जिना तोच, गेट तेवढं नवं. मी आबांना घेऊन गेले. नव्या मुली ट्रंका घेऊन येत होत्या, कुणाबरोबर वडील, कुणाबरोबर भाऊ. मी गेटसमोर उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारलं, "वर चाललीस, पण आग लागली तर खाली कशी येणार? ह्या कुलपाची चावी कुणाकडं राहणार, तेवढं विचारून घे."

आप्पा बाहेर आले. "सुजाता, तुला जागा दिली तवा कुणी देत न्हवतं. इसरलीस?"

"न्हाई आप्पा, इसरले न्हाई," मी म्हणाले. "भाडं देत व्हते, त्येबी इसरले न्हाई. मंगलबी देत व्हती."

आबा माझ्या शेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आप्पा, पोरगी खरं बोलतीया." एका मुलीच्या वडिलांनी माझे हात बघितले, ट्रंक उचलली आणि परत टमटममध्ये ठेवली. मग दुसऱ्यांनी. पुढच्या महिन्यात मी परत गेले, त्याच्या पुढच्याही. मला शिव्या मिळाल्या, आडनावासकट मिळाल्या. मी जात राहिले. शेवटी आप्पांनी गेट काढलं, मीटर बाहेर घेतला आणि मागच्या बाजूनं लोखंडी जिना चढवला. कुठल्याही ऑफिसच्या हुकमानं नाही, खोल्या रिकाम्या राहिल्या म्हणून. आजूबाजूच्या घरांत काय आहे ते मी अजून विचारत फिरते.

ज्या मुली कामासाठी परक्या गावात खोली घेतात, त्यांना आणि त्यांच्या आईबापांना मला एवढंच सांगायचं आहे, की कुलपात ठेवलेली पोरगी सुरक्षित नसते, ती फक्त कोंडलेली असते. जिना बघा, मीटर बघा, चावी मागा. घरमालक कितीही चांगला असला तरी मागा.

डॉक्टर मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. सिस्टर, भरवणाऱ्या मावशी, पहार घेऊन धावलेले शेजारी, आणि माझे आबा, ह्यांच्यामुळं मी आहे. गेल्या खेपेला तपासणीला गेले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आवाजाच्या पेटीवर व्रण आहेत. जास्त बोलायचं नाही, मोठ्यानं तर मुळीच नाही. आहे तेवढा आवाज जपून वापर." मी मान डोलावली, कारण त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या. मॅडम, तुमचं सगळं ऐकलं, एवढं एक ऐकणार नाही.