गढूळ बाटल्या

सरबत असो, खोकल्याचं औषध असो की ताक, काका ग्लास आधी खिडकीच्या उजेडात धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "आरपार दिसलं पाहिजे." ताकाच्या बाबतीत त्यांची रोज निराशा होई.

आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत ते प्रयोगशाळेत, मी मेंटेनन्सला. कंपनीच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. असा माणूस तुमच्याही शेजारी असेल. फक्त त्याने बाथरूममध्ये बिअर केली नसेल.

काकांनी केली. इथे पकडलं गेलं तर नोकरी आणि व्हिसा, दोन्ही खलास. म्हणून फोनवर तिला सोलकढी म्हणायचं ठरलं. बाटल्या भरल्या, फ्रीजमध्ये गेल्या आणि खरोखरच सोलकढीसारख्या गढूळ झाल्या.

"यीस्ट तरंगतंय. खाली बसू दे. घरात कोणी आपटत चालायचं नाही," काकांनी फर्मावलं. मिक्सरही बंद.

"मग चटणी काय दातांनी वाटू?" काकू म्हणाल्या.

कॉलेजातली मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स सपोज्ड टु बी क्लाउडी. पीपल पे एक्स्ट्रा फॉर इट." काकांनी तिच्याशी अबोला धरला.

मग जिलेटिनचा विचार झाला. "हाडांचं काही माझ्या फ्रीजमध्ये येणार नाही," काकूंनी बजावलं. म्हणून चायना ग्रास घातलं. जरा जास्त पडलं. ती बिअर आम्ही चमच्याने खाल्ली. पुढच्या बाटलीत तुरटी फिरवली, तर दाढी केल्यासारखी चव.

एक बाटली चुकून बाल्कनीत राहिली. उन्हाने तापली आणि लख्ख निवळली! काका बनियनवरच माझ्याकडे धावत आले. "अरे, गारव्याने गढुळते ती! दोष बिअरचा नाही, फ्रीजचा आहे!"

भर जुलैत आम्ही ती बिअर बशीत ओतून, फुंकर घालून प्यायलो. भयंकर होती. काकांचा चेहरा पाहून मी आणखी मागितली.

मग सगळ्याच बाटल्या बाल्कनीत गेल्या. दुसऱ्या दिवशी फायर अलार्म तपासायला एक पठाण सुपरवायझर आला, आणि नेमकं तेव्हाच पहिलं बूच उडालं. पाठोपाठ दुसरं. काका भिंतीला टेकले.

"ये क्या है?"

"सोलकढी," काकू शांतपणे म्हणाल्या. "पेट के लिए."

त्याने वास घेतला. पांढऱ्याफटक पडलेल्या काकांकडे बराच वेळ पाहिलं. "भाभीजी, ये दवाई खराब हो गया. आज ही खलास करो."

तो जाताच आम्ही सगळी बिअर बाथरूममध्ये ओतून दिली. काका एकेक बाटली धुऊन, पुसून ठेवत होते.

"चांगली झाली होती ना रे?"

"फर्स्ट क्लास, काका."

निवृत्तीनंतर ते नाशिकला गेले. गेल्या वर्षी वारले. परवा काकूंना फोन केला, तर त्या पठाणाचा विषय निघाला आणि त्या हसतच सुटल्या. "अरे, जिना उतरताना तो काय म्हणाला ठाऊक आहे? थांब, यांनाच विचारते…" आणि आवाज चढवून त्यांनी आतल्या खोलीत हाक मारली.

मग फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.