दम लागेल तिथे खुर्ची

माणसाच्या निम्म्या रोगांना त्याच्या ले-आउटची, म्हणजे वसाहतीतल्या रस्त्यांची, आखणी जबाबदार असते, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या यवतमाळात एकच, आणि तो नेमका आमच्या समोर राहतो. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले हे काका दुधाला निघालेल्या माणसाचीही गाडी अडवत. "देवानं पाय कायले देल्ले तुले? किक मारायले?" लॉकडाऊनमध्ये रस्ते ओस पडले तेव्हा सगळे धास्तावले, काकांना मात्र मोकळ्या रस्त्याचा आनंद लपवता येईना. चुन्याची फक्की घेऊन त्यांनी जायची एक आणि यायची एक अशा रेघा मारल्या, म्हणजे कोणी कोणाच्या अंगावर येणार नाही. मग मास्क लावून, मुद्दाम धापा टाकत, म्हाताऱ्या माणसाचा दम कुठे कुठे संपेल ते चालून पाहिलं आणि तिथल्या घरांना फाटकाबाहेर खुर्ची ठेवायला लावली. लोक हसले, पण खुर्च्या निघाल्या. काकांच्या तोंडी लागण्यापेक्षा खुर्ची परवडली.

अशात माझी आई दवाखान्यातून परतली. कोरोनातून वाचली होती, रिपोर्टही निगेटिव्ह आला होता. पण डॉक्टरांनी रोज चालायला बजावलेलं आणि ती भीतीने खाटेवरून उठेना. दिवसेंदिवस श्वास तोकडा होत चालला. मी हात टेकले. शेवटी काकांनीच फाटकाबाहेरून हाक मारली, "वहिनी, रस्ता तुमच्यासाठीच आखला न. चाला."

ती माझा दंड धरून निघाली, आणि पुढची फाटकं धडाधड बंद होऊ लागली. वळणावर तिचा दम संपला. नेमकी तिथलीच खुर्ची कोपऱ्यावरच्या वहिनींनी आम्हाला येताना पाहून आत ओढून घेतली होती. आईचे ओठ पांढरे पडले. खुर्ची आणायला तिला सोडून घरी पळावं तरी कसं? आमच्या मागोमाग आलेले, एरवी गल्ली डोक्यावर घेणारे काका त्या फाटकाशी हात जोडून उभे राहिले.

"सूनबाई, हा रस्ता म्या आखला. इथं खुर्ची नसन तं माह्यंच चुकलं."

मग कडी वाजली आणि खुर्ची बाहेर आली. "बसा काकू," वहिनी लांबूनच म्हणाल्या, "मले भेव वाटलं होतं. घरी लहान लेकरू हाये."

आई आता ठणठणीत आहे. फक्की कधीच पुसली गेली, खुर्च्यांच्या जागी चारचाकी उभ्या असतात. संध्याकाळी गाड्यांच्या गर्दीतून अंग चोरत काका चालतात, वळणावर थांबतात आणि मी दिसलो की ओशाळून म्हणतात, "तसे दिवस पुन्हा नको रे बाप्पा. पन रस्ता काय दिसे!"