डेकवरचं गोडं पाणी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठणाऱ्यांतला माणूस. इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, आमच्या मराठी मंडळाच्या सहलीत असे किस्से रंगतात, तेव्हा "पण त्या दिवशी हवा कशी होती?" असलं काहीतरी विचारून मी दोन-तीन चांगल्या गोष्टींचा विचका केलेला आहे. नोकरीच तशी आहे. मशीनमधली मापं तपासायची आणि आकडा जुळला नाही तर कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही. त्यामुळे हे लिहिताना मला भीती नाही, लाज वाटतेय. बायकोलाही यातलं अर्धंच माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. बाबा आमच्याकडे आले होते. सत्तरी ओलांडलेले, वीज मंडळातून रिटायर झालेले, आई गेल्यापासून म्हसवडला एकटेच राहतात. इथला फेब्रुवारी काही त्यांना मानवेना. दिवसभर हीटरला चिकटून खिडकीतून सायकलवाले बघत बसायचे. गुडघ्यांसाठी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं, तर त्या डॉक्टरबाईंनी पॅरासिटामॉल दिली (इथे दुसरं काही देतच नाहीत) आणि ऊन घ्या म्हणाल्या. फेब्रुवारीत... ऊन!

माझा जुना कलीग मार्टेन रिटायर झाल्यापासून बायको इनेकेबरोबर हिवाळाभर कॅरिबियनमध्ये शिडाच्या बोटीवर राहतो. "बोनेरला या, केबिन रिकामी आहे," असं दरवर्षी म्हणायचा. बोनेर म्हणजे विमानाने दहा तास लांबचं बेट, पण कागदोपत्री नेदरलँड्सचाच भाग. मुलीची शाळा बुडवली तर दंड बसतो, म्हणून ती आणि बायको घरी राहिल्या. मी बाबांना घेऊन गेलो.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले, हे मुद्दाम सांगतो. सकाळी इनेकेची कॉफी, ब्रेडवर चॉकलेटचा चुरा — बाबा म्हणाले, "ही माणसं सकाळी-सकाळी गोडाचं जेवतात की!" बोट किनाऱ्यापासून जरा आत, पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बांधलेली. खालचं पाणी इतकं नितळ की पोपटासारखे हिरवे मासे डेकवरून दिसायचे. मग कामं... शिडाचे दोर बघणं, तळाला चिकटलेलं शेवाळ खरवडणं, रबरी होडीने किनाऱ्यावर जाऊन भाजी आणि पाण्याचे कॅन आणणं.

पाणी ही तिथली सगळ्यात जपायची गोष्ट. बेट कोरडं, पाऊस जवळजवळ नाहीच. बोटीवर गोड्या पाण्याची एकच टाकी होती. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा नुसता हात फिरवायचा. अंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी, मग अंगावर स्प्रेच्या बाटलीने फवारा. बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. दुष्काळी भागातच जन्म गेलेला. दोर बांधलेली बादली समुद्रात सोडून पाणी काढायचं काम त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्याकडे घेतलं, आणि त्या बादलीला ते पोहरा म्हणायला लागले. मार्टेनसुद्धा "पोखरा, पोखरा" करत फिरायचा.

आणि मग एका सकाळी बोटीच्या मागच्या डेकवर पाणी सांडलेलं दिसलं.

बाकी सगळा डेक कोरडा. फक्त तिथे ओलं, आणि त्या ओल्यात मधोमध पाटाएवढा कोरडा चौकोन. मार्टेनने बोट लावून चाखलं. गोडं पाणी. "दव असेल," म्हणाला आणि पुसून टाकलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, तिसऱ्याही. मार्टेनला तो चौकोन म्हणजे नुसता डाग वाटत होता. मला मात्र तो बघताक्षणीच ओळखता आला होता. म्हसवडच्या घरात बाबा पहाटे मोरीत पाटावर बसून तांब्याने अंघोळ करायचे, आणि उठून पाट उचलला की फरशीवर अगदी असाच कोरडा चौकोन राहायचा. लहानपणी शाळेत जाताना रोज बघितलेला.

मी कोणालाच काही बोललो नाही. मनात मात्र शंभर टक्के खात्री झाली होती.

पुढच्या सकाळी नाश्त्याला मार्टेनने इंग्लिशमध्ये विषय काढला. डच माणूस... आडवळण नाही. "मी सरळच विचारतो. रोज पहाटे कोणीतरी टाकीतलं पाणी अंघोळीला वापरतंय. आम्ही दोघं नाही." हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता, बाबांकडे नाही. इनेके कपातल्या कॉफीत चमचा फिरवत राहिली. खाली मान घालून मी ब्रेडचे तुकडे गोळा करत बसलो.

तेवढ्यात बाबा मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "मी. मी घेतलं. सॉरी."

त्या क्षणी मला काय वाटलं असेल? सुटलो असं वाटलं. आणि लगेच राग आला. मार्टेन घाईघाईने "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत असताना मी मराठीत बोललो, तोंडावर हसू ठेवून, म्हणजे त्या दोघांना कळू नये. "लाज आणलीत बाबा. दुसऱ्याच्या घरात राहतोय आपण, एवढं तरी कळायला हवं होतं."

त्यानंतर मी दिलेलं प्यायचं पाणीसुद्धा बाबांनी अर्धं परत केलं. संध्याकाळी मीच सुचवलं की होडीत चढ-उतार केल्याने गुडघ्यांना त्रास होतो, तर क्रालेनडाइक गावात किनाऱ्यावरच्या गेस्टहाउसवर राहा. "बरं," एवढंच म्हणाले. मी त्यांना होडीने सोडून आलो. आपली बॅग त्यांनी माझ्या हातात दिली नाही.

दुसऱ्या सकाळी डेक ओला होता.

तसाच. मधोमध कोरडा चौकोन. मी आणि मार्टेन दोघेही तिथे उभे... आणि तो माझ्याकडे बघत होता. आता बघणारच! मी म्हणालो, "मार्टेन, टाकी किती रिकामी झालीय ते बघितलंस का कधी?" टाकीचा काटा बंद पडलेला होता, आणि त्याने अंदाजावरच हिशेब धरला होता. मी, ज्याला मापं घ्यायचाच पगार मिळतो, मीसुद्धा त्या नाश्त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही टाकीत काठी बुडवून पेन्सिलने खूण केली, पंप मेन स्विचवरून बंद केला, नळाला टेप लावली. सकाळी टेप जशीच्या तशी. काठीवरचं पाणी बरोबर खुणेवर. आणि डेक ओला.

"हे शक्य नाही," मार्टेन डचमध्ये पुटपुटला आणि खाली बसला.

आम्ही सुचेल ते सगळं तपासलं. दव म्हणावं तर शेजारच्या बोटी कोरड्या. वर छताला, शिडाला, कशालाही ओल नाही. समुद्राचं उडालेलं पाणी खारट असतं, हे गोडं होतं, मीसुद्धा चाखलं. आणि तो चौकोन — त्याला तर काहीच लागू पडत नव्हतं. आमचा मुक्काम संपेपर्यंत हे रोज चाललं. नंतर मार्टेन बोट शेजारच्या क्युरासाओ बेटावर घेऊन गेला, तिथे थांबलं म्हणतो.

मार्टेन बाबांची माफी मागायला निघाला होता. मीच अडवलं. "मी सांगतो त्यांना, तुझं इंग्लिश त्यांना नीट कळणार नाही," म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. त्याने माफी मागितली असती, तर मीही त्याच्या शेजारी उभा राहून मागायला हवी होती. मग मी सांगितलंच नाही. परतीच्या विमानात बाबा शेजारी बसून होते, दहा तास. तेव्हाही नाही. पुढच्या महिन्यात ते भारतात परतले. स्खिपोल विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला, "येतो" म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी न केलेली गोष्ट का कबूल केली, यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. घाबरले असतील? इंग्लिश नीट समजलं नसेल? की... त्या डेकबद्दल त्यांना काही माहीत होतं? अशा विचारापर्यंत मी आलो होतो, यावरून काय ते समजा.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. नेहमीचं बोलणं झालं, नातीची चौकशी झाली. मग म्हणाले, "मंदार, एक विचारू? रागावू नको."

"विचारा ना बाबा."

"त्या बोटीवरचं पाणी... तूच घेत होतास ना? लहानपणापासून तुला घामोळ्यांचा त्रास. खारं पाणी अंगावर सुकलं की तुला झोप लागत नाही, मला ठाऊक आहे की. तो गोरा तुझ्याकडे बघायला लागला आणि तू मान खाली घातलीस... मला ते बघवेना. तुझ्या ओळखीची माणसं ती. माझं काय, मी म्हातारा, चार दिवसांचा पाहुणा."

ते पाणी मी घेतलं नव्हतं, हे सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. मी काय समजलो होतो ते. आणि टाकीवर खूण केल्यानंतरही कसा गप्प बसलो ते.

"हॅलो? आहेस का?"

"हो बाबा," मी म्हणालो. "मीच घेत होतो."

"तेच म्हटलं!" ते मोकळं हसले. किती दिवसांनी त्यांना असं हसताना ऐकलं. "असू दे रे. पाणीच तर होतं. मनाला लावून घेऊ नको."

ते पाणी कुठून येत होतं, मला आजही माहीत नाही. बाबांच्या लेखी तो प्रश्न सुटलेला आहे.